पोटातली हालचाल पाहणारा शास्त्रज्ञ : वॉल्टर कॅनन

पचनसंस्थेचा पाठ सुरू झाला की एखादं मूल विचारतंच, एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, मग आतडं का दिसत नाही? याचं उत्तर वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांच्या चरित्रात आहे.

बालपण :
कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. लहानपणीच आई गेली. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी चौदाव्या वर्षी शाळेतून काढून रेल्वेच्या कचेरीत कामाला लावलं. दोन वर्षांनी हा मुलगा पुन्हा शाळेत आला आणि पुढे थेट हार्वर्ड विद्यापीठात पोहोचला.

संशोधन :
१८९५ च्या अखेरीस राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी कॅनन वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होते. प्राध्यापक बाउडिच यांनी त्यांना या किरणांनी अन्नाचा प्रवास पाहायला सुचवलं. पण आतडं पडलं मऊ, किरण त्यातून आरपार जातात. कॅनन यांनी अन्नात बिस्मथचा जड क्षार कालवला. किरण तिथे अडले, सावली पडली आणि मांजराच्या पोटातला घास हलताना दिसला! पुढे बिस्मथच्या जागी बेरियम सल्फेट आलं.

नंतरच्या डॉक्टरांनी याला वायूची जोड दिली. आतड्याच्या भिंतीला बेरियमचा पातळ थर लावून आत वायू भरला, की आतडं फुगतं आणि भिंतीची घडी न घडी दिसते. मग वायू कोणता घ्यायचा? साधी हवा सहज मिळते, पण तिच्यातला नायट्रोजन फार हळू शोषला जातो. त्यामुळे तपासणीनंतरही पोट फुगलेलं राहतं, कळा येतात. कार्बन डायऑक्साइड मात्र पटकन रक्तात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. रुग्णाचा त्रास कमी होतो.

मोठा शोध :
कॅनन यांना आणखी एक गोष्ट दिसली. मांजर चिडलं किंवा घाबरलं, की पोटाची हालचाल बंद! त्यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसं तयार होतं, हे त्यांनी १९१५ च्या ग्रंथात मांडलं. शरीर आतला समतोल राखतं, त्याला त्यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं.

शेवट :
त्या काळी क्ष-किरणांचा धोका कुणाला नीट ठाऊक नव्हता. उतारवयात कॅनन यांना त्वचेच्या चिवट आजाराने गाठलं. त्याचं मूळ तरुणपणीच्या प्रयोगांत होतं, असं मानलं जातं. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात हे चरित्र जरूर सांगा. आणि पालकांनो, मूल जेवत असताना त्याला रागावू नका. भेदरलेलं पोट काम थांबवतं, हे कॅनन यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.