सूक्ष्मदर्शकाची साक्ष

पायात काटा रुतला, की आपण काही विचार करण्यापूर्वीच पाय वर उचलला जातो. ओळखीचा आवाज कानी पडला, की मान आपोआप त्या दिशेला वळते. शरीराच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकाला इतक्या त्वरेने पोहोचविणारे हे टपालखाते म्हणजे आपली मज्जासंस्था होय. या संस्थेची घडण कशी आहे आणि तिच्यातील निरोप कोणत्या वाटेने जातात, हे कोडे एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या पंडितांनाही पुरते उलगडले नव्हते. ते उलगडण्याचा मान स्पेन देशातील एका खेड्यात जन्मलेल्या शल्यवैद्याच्या मुलाला मिळाला. त्याचे नाव सांतियागो रामोन ई काहाल.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया या डोंगराळ खेड्यात झाला. त्याचे वडील गरिबीतून वर आले होते. अपार कष्ट करून त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले होते आणि आपल्या मुलानेही हाच व्यवसाय करावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र चित्रकलेत रमलेले. कागद मिळाला नाही, तर घरांच्या भिंतीसुद्धा त्याला पुरत असत. शाळेतील घोकंपट्टीचा त्याला मनस्वी कंटाळा येई आणि खोड्या काढण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. अकरा वर्षांचा असताना त्याने घरच्या घरी एक तोफ बनविली आणि तिच्या माऱ्याने शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवून दिले. या पराक्रमाबद्दल त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. मुलगा वळणावर यावा म्हणून वडिलांनी त्याला कधी न्हाव्याच्या, तर कधी जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली कामाला ठेवले. तरीही त्याची पेन्सिल सुटली नाही.

अखेर वडिलांनाच एक युक्ती सुचली. सांतियागो सोळा वर्षांचा असता ते त्याला जुन्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तेथे उघड्या पडलेल्या हाडांचा त्यांनी मुलाकडून अभ्यास करून घेण्यास आरंभ केला. हाड हाती घ्यावे, त्याचे उंचवटे व खोबणी नीट न्याहाळाव्यात आणि मग त्याचे चित्र काढावे, असा तो पाठ होता. ज्या मुलाला पुस्तकातील शब्द पाठ होत नसत, त्याला ही हाडे चित्रांच्या साहाय्याने सहज अवगत झाली. चित्रकला आणि वैद्यक यांची त्या दिवशी जी गाठ पडली, ती पुढे आयुष्यभर सुटली नाही.

इ. स. १८७३ मध्ये सांतियागो सारागोसा येथे वैद्यकाचा पदवीधर झाला. लगेच त्याला सैन्यात वैद्य म्हणून दाखल व्हावे लागले. क्युबा बेटावर त्या काळी स्पेनची सत्ता होती व तेथे युद्ध चालू होते. तेथील दलदलीच्या प्रदेशातील रुग्णालयात काम करताना त्याला हिवतापाने गाठले आणि १८७५ मध्ये तो खंगलेल्या शरीराने मायदेशी परतला. या नोकरीतून जे थोडे पैसे शिल्लक राहिले होते, त्यांच्या आधारावर त्याने एक सूक्ष्मदर्शक यंत्र खरेदी केले. तरुण वैद्याने त्या दिवसांत असा खर्च करावा, हे अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल. परंतु त्या नळीतून दिसणाऱ्या सृष्टीने त्याला कायमचे वेड लावले, हे खरे.

पुढे काहाल व्हॅलेन्सिया येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये त्या शहरात पटकीची साथ पसरली. तेव्हा आपले सर्व संशोधन बाजूला ठेवून त्यांनी त्या रोगाचा अभ्यास केला व सारागोसा प्रांताच्या शासनाला आपला अहवाल सादर केला. कृतज्ञता म्हणून त्या शासनाने त्यांना झाइस या विख्यात जर्मन कारखान्याचे एक उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले. पैशाच्या थैलीपेक्षा ही भेट काहाल यांना अधिक मोलाची वाटली, यात नवल नाही.

१८८७ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी माद्रिद येथे लुईस सिमारो या वैद्यांच्या घरी त्यांनी मेंदूच्या कापाची एक काचपट्टी पाहिली. इटलीतील कामिल्लो गॉल्जी या शास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने ती तयार केलेली होती. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात मुरवावयाचा आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवावयाचा, अशी ती रीत होती. त्यामुळे असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्याभोर होत आणि पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने रेखाटल्याप्रमाणे उठून दिसत. मात्र ही रीत मोठी लहरी होती. कधी ती साधे, कधी मुळीच साधत नसे. म्हणून चौदा वर्षे उलटली तरी फारच थोड्या संशोधकांनी तिचा अवलंब केला होता.

त्याच वर्षी काहाल यांची बार्सिलोना येथे नेमणूक झाली. तेथे त्यांनी या पद्धतीचा ध्यास घेतला. तीच क्रिया दोनदा करून त्यांनी रंग अधिक पक्का केला. शिवाय पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यांऐवजी त्यांनी पिलांचे आणि अंड्यातील गर्भाचे मेंदू तपासावयास घेतले. जुन्या वडाखाली उभे राहिल्यास कोणती पारंबी कोणत्या फांदीची, हे सांगणे कठीण जाते. वडाचे रोपटे पाहिले, तर त्याचे मूळ, खोड आणि फांदी स्पष्ट दिसते. मेंदूचेही तसेच आहे. कोवळ्या मेंदूत तंतू आखूड असतात व त्यांच्यावर आवरण चढलेले नसते, त्यामुळे प्रत्येक तंतूचा माग शेवटपर्यंत काढता येतो.

त्या काळी बहुतेक विद्वान असे मानीत, की मज्जातंतू एकमेकांत मिसळून त्यांचे एक अखंड जाळे बनलेले असते. खुद्द गॉल्जी यांचेही तेच मत होते. परंतु काहाल यांना पक्ष्यांच्या लहान मेंदूत वेगळेच दृश्य दिसले. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र होती. तिचे तंतू दुसऱ्या पेशीच्या अगदी निकट जात, परंतु तिच्यात मिसळून न जाता तेथेच संपत. शेजारच्या दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडाव्यात, परंतु एकीचा रस दुसरीत जाऊ नये, तशी ती रचना होती.

हा शोध जगापुढे मांडण्यासाठी काहाल यांनी मे १८८८ मध्ये स्वखर्चाने एक त्रैमासिक काढले. त्याच्या अवघ्या साठ प्रती छापल्या होत्या. त्यांतील बहुतेक त्यांनी परदेशी शास्त्रज्ञांना पाठविल्या. प्राध्यापकाचे वेतन तुटपुंजे आणि घरात मुले अनेक. तरीही त्यांच्या पत्नी सिल्वेरिया यांनी काटकसरीने संसार चालवून हा खर्च निभावून नेला. एवढे करूनही बहुतेक विद्वान स्वस्थच राहिले. लेख स्पॅनिश भाषेत होते आणि जर्मनी, फ्रान्स व इंग्लंडमधील फारच थोड्या शास्त्रज्ञांना ती भाषा येत असे. ज्यांनी चित्रे पाहिली, त्यांनाही एका अपरिचित प्राध्यापकाच्या शब्दावर विश्वास ठेवणे जड गेले.

काहाल यांनी विचार केला, की शब्द ज्यांना कळत नाहीत, त्यांना वस्तूच प्रत्यक्ष दाखविली पाहिजे. जर्मनीतील शरीररचनाशास्त्रज्ञांची एक संस्था होती. तिची परिषद ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिन येथे भरावयाची होती आणि तिला निरनिराळ्या देशांचे विद्वान येणार होते. काहाल यांनी तिचे सभासदत्व मिळविले, विद्यापीठाची परवानगी घेतली, होती नव्हती ती शिल्लक एकत्र केली आणि ते आगगाडीने निघाले. सामानात सर्वांत मौल्यवान वस्तू होती ती काचपट्ट्यांची पेटी. वाटेत ल्यों, जिनीव्हा व फ्रँकफुर्ट येथील प्रयोगशाळा पाहत ते बर्लिनला पोहोचले.

परिषदेत व्याख्यानांखेरीज काचपट्ट्या दाखविण्याचाही कार्यक्रम असे. त्या दिवशी काहाल यांनी लवकर येऊन सूक्ष्मदर्शक यंत्रे मांडली आणि लहान मेंदू, दृष्टिपटल व मज्जारज्जू यांचे निवडक काप त्यांखाली ठेवले. सभागृहात त्यांना ओळखणारे जवळजवळ कोणी नव्हते. जर्मन भाषेत ते सराईतपणे बोलू शकत नसत. जे काही सांगावयाचे, ते मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत. स्पेनमधून आलेला हा पाहुणा काय दाखविणार, अशी शंका कित्येकांच्या मुद्रेवर उमटली होती. ज्या कामासाठी वर्षानुवर्षांचे परिश्रम आणि कुटुंबाची पुंजी खर्ची पडली, त्याचा निकाल आता काही घटकांत लागावयाचा होता.

उपस्थितांमध्ये अल्बर्ट फोन कोलिकर हे वयोवृद्ध स्विस शास्त्रज्ञ होते. त्यांचे वय त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. ऊतकविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ युरोपभर प्रमाण मानला जात असे आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. काहाल यांनी त्यांना अदबीने आपल्या यंत्रांपाशी नेले. कोलिकर खाली वाकले. एक काप पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. काळ्या रेषा स्वच्छ दिसत होत्या आणि त्यांची मोकळी टोकेही स्वच्छ दिसत होती. तेथे भाषेची अडचण उरली नव्हती. हळूहळू इतर विद्वान भोवती जमले. शंकेची जागा कुतूहलाने घेतली आणि कुतूहलाची जागा अभिनंदनाने. ही किमया कशी साधली, हे प्रश्नामागून प्रश्न करून ते विचारू लागले आणि काहाल यांनी काहीही हातचे न राखता आपली सर्व रीत त्यांना सांगितली.

परिषद संपल्यावर कोलिकर यांनी काहाल यांना आपल्या गाडीतून स्वतःच्या मुक्कामी नेले, भोजन दिले आणि तेथील नामवंत शास्त्रज्ञांशी त्यांची ओळख करून दिली. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. आपल्या गावी परतल्यावर त्यांनी काहाल यांचे प्रयोग स्वतः करून पाहिले, ते खरे ठरताच आपले जुने मत मोकळेपणाने सोडून दिले आणि काहाल यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश भाषा शिकले.

परतीच्या प्रवासात काहाल मुद्दाम इटलीतील पाव्हिया या गावी गेले. ज्यांच्या पद्धतीमुळे आपल्याला हे यश लाभले, त्या गॉल्जी यांना भेटावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु गॉल्जी त्या वेळी गावी नव्हते.

बर्लिनच्या परिषदेनंतर काहाल यांचे नाव सर्वत्र झाले. १८९१ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञांनी मज्जापेशीला न्यूरॉन हे नाव दिले आणि काहाल व इतर संशोधक यांच्या शोधांची एकत्र मांडणी केली. १८९२ मध्ये काहाल माद्रिद विद्यापीठात प्राध्यापक झाले. निरोप पेशीच्या एका बाजूने आत येतो व लांब तंतूवाटे दुसऱ्या बाजूने पुढे जातो, हेही त्यांनी दाखवून दिले. १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेने त्यांना मॉस्को पारितोषिकाचा मान दिला.

१९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे हे दोघे प्रथमच एकमेकांस भेटले. प्रसंग मोठा विलक्षण होता. गॉल्जी यांनी आपल्या भाषणात अखंड जाळ्याचीच बाजू मांडली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी स्वतंत्र पेशींचा पुरावा सादर केला. दोघांची साधने एकच, परंतु निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध! तरीही गॉल्जी यांच्या पद्धतीचे ऋण काहाल यांनी कधी नाकारले नाही.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी काहाल यांचे निधन झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन मज्जापेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली. ती एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. काही थोड्या ठिकाणी पेशी एकमेकींशी सूक्ष्म मार्गांनी जोडलेल्या असतात, असेही नंतर आढळून आले. परंतु काहाल यांचा मूळ सिद्धान्त अबाधित राहिला. ज्या चित्रकलेपायी लहानपणी त्यांनी बोलणी खाल्ली, तिच्याच बळावर त्यांनी काढलेली मेंदूची चित्रे आजही अभ्यासली जातात.

मुलांनो, या चरित्रातील बर्लिनचा प्रसंग दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपले म्हणणे कोणी ऐकत नाही, म्हणून काहाल रुसून घरी बसले नाहीत. पुरावा बरोबर घेऊन ते जगाच्या दारी गेले. आणि दार उघडणारे कोलिकरही तितकेच थोर होते. आयुष्यभर कमावलेला अधिकार बाजूला ठेवून त्यांनी एका अनोळखी माणसाच्या यंत्राला डोळा लावला आणि जे दिसले, ते खरे मानले. सत्य शोधण्यास परिश्रम लागतात. समोर आलेले सत्य मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. या दोन्ही गुणांची त्या दिवशी बर्लिनमध्ये भेट झाली, आणि म्हणूनच स्पेनमधून आलेली ती काचपट्ट्यांची पेटी न उघडता परत गेली नाही.