नागपूरच्या अजब बंगल्यात नकाशा पाहणाऱ्या दोराबजी टाटांनी कारखाना वाचवायला घरचा हिरा गहाण टाकला

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला माहीत नाही असा नागपूरकर सापडायचा नाही. 1863 साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. 1903 च्या सुमारास इथे एक पारशी गृहस्थ केवळ वेळ घालवायला म्हणून शिरले होते. त्यांचं नाव दोराबजी टाटा. पुढे वीसेक वर्षांनी याच माणसाने आपली सगळी खासगी मालमत्ता बँकेत तारण ठेवली.

दोराबजींचा जन्म 1859 चा, जमशेटजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. ते सहा वर्षांचे असताना मुंबईत मोठा हाहाकार उडाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशातून शेअर घेतले जात, ते शेअर तारण ठेवून कर्ज काढलं जात होतं आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि शेअर मातीमोल झाले. अशा तारणावर कर्ज वाटणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. टाटांच्या घरालाही मोठा फटका बसला.

त्यातून सावरून जमशेटजींनी नागपूर गाठलं. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भर घालून 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली. दोराबजींनी आधी मुंबईत दोन वर्षं पत्रकारिता केली आणि मग कापसाचा धंदा शिकायला वडिलांनी त्यांना याच मिलमध्ये पाठवलं.

पुढे जमशेटजींनी पोलाद कारखान्याचा ध्यास घेतला. दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड यांनी चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर भाग, पालथा घातला. मनासारखं काही मिळालं नाही. शोध थांबवतोय हे सांगायला दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले, तर साहेब जागेवर नव्हते. तोवर काय करायचं, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात गेले. तिथल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा दिसल्या. हाच तो दल्ली-राजहराचा डोंगर, जो आज भिलाईच्या कारखान्याला खनिज पुरवतो.

तिथे कोळसा आणि पाण्याची सोय जमेना, म्हणून कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. पण सोडून दिलेला शोध पुन्हा सुरू झाला तो नागपुरातून. 1904 मध्ये जमशेटजी गेले, 1907 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1912 मध्ये पोलाद निघालं.

खरी परीक्षा पहिल्या महायुद्धानंतर झाली. विस्ताराचा खर्च अवाच्या सवा वाढला होता आणि बाजारात परदेशी पोलाद स्वस्तात येत होतं. 1924 मध्ये जमशेदपूरहून तार आली, पगाराला पैसे नाहीत. कारखाना होता, यंत्रं होती, खाणी होत्या. नव्हती ती फक्त रोकड.

तारणाचं कर्ज नेमकं अशाच वेळी लागतं. वस्तू विकायची नाही, पण आजची नड भागवायची असते. समजा 100 रुपयांचे शेअर ठेवले, तर बँक 50 किंवा 60 रुपयेच देते. मधलं अंतर ही भाव पडला तर तिची ढाल, त्याला हेअरकट म्हणतात. भाव फारच पडला तर बँक आणखी तारण मागते, तो मार्जिन कॉल. तो पुरा केला नाही तर बँक शेअर विकून मोकळी होते.

बातम्यांतला रेपोही याच घरातला. बँकेला थोड्या दिवसांसाठी, कधी एका रात्रीपुरता पैसा हवा असतो. ती सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला देते आणि ठरलेल्या दिवशी थोड्या जास्त किमतीला परत घेते. वरचे पैसे म्हणजे व्याज. फरक एवढाच की गहाणात मालकी कर्जदाराकडेच राहते, तर रेपोत कागदोपत्री खरेदी-विक्री होते.

दोराबजींनी इंपीरियल बँकेचं दार ठोठावलं. तारण म्हणून सुमारे 1 कोटी रुपयांची खासगी मालमत्ता दिली. त्यात पत्नी मेहरबाईंचे दागिने होते आणि 245 कॅरटचा ज्युबिली हिराही होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. 1865 ला शेअर पडले तसं त्यांच्यावरचं कर्जही बुडालं, कारण तारण आणि धंदा एकाच भावावर उभे होते. हिऱ्याची किंमत मात्र पोलादाच्या बाजारावर अवलंबून नव्हती.

पण तारण फक्त वेळ मिळवून देतं, धंदा वाचवत नाही. त्याच वर्षी सरकारने देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला, वाढलेलं उत्पादनही कामी आलं. कंपनी सावरली आणि गहाण सुटलं. तसं झालं नसतं तर हिरा बँकेचा झाला असता आणि दोराबजींकडे काहीच उरलं नसतं.

1931 मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी टाटा सन्स आणि इंडियन हॉटेल्सचे शेअर, जमीनजुमला आणि पत्नीचे 21 दागिने ट्रस्टला देऊन टाकले. 3 जून 1932 ला जर्मनीत त्यांचं निधन झालं. नंतर हिरा विकला गेला आणि पैसा ट्रस्टकडे आला. याच ट्रस्टने 1941 मध्ये मुंबईच्या परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं. आज विदर्भातूनही कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी तिथे जातात.