वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया

६ फेब्रुवारी. आजची वाचनं : गलतीकरांना पत्र २:१९-२० आणि मत्तय २८:१६-२०

मित्रांनो, आजच्या शुभवर्तमानात गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य उभे आहेत आणि प्रभू येशू त्यांना सगळ्या राष्ट्रांकडे पाठवतोय. मत्तयने तिथे एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय. त्या अकरांतल्या काहींच्या मनात अजून शंका होती. प्रभूने त्यांना वेगळं काढलं नाही, त्यांनाही तेच काम दिलं. पण हे वाचन आलं की माझं लक्ष हटकून आणखी एका गोष्टीकडे जातं. सगळ्या राष्ट्रांत जायचं ठीक आहे, पण तिथे जाऊन बोलणार कोणत्या भाषेत? कुणीतरी ती भाषा शिकायला नको का? वर्षानुवर्षं घासून, चुका करत, हसू करून घेत?

आज ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि सोबती यांचा सण पाळते. त्या ‘आणि सोबती’मध्ये आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस आहे. वसईचा संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. आणि त्याचं आयुष्यभराचं मुख्य काम काय, तर भाषा. तो दुभाषी होता.

आमच्याकडे परभणीत कॅथलिक मंडळी मोजकी. इथे संत म्हटलं की आधी गंगाखेडची जनाबाई आठवते, आणि ते बरोबरच आहे, तिचं गाव आमच्याच जिल्ह्यातलं. युवा मंडळातल्या पोरांना मी संतांची नावं सांगायला लागलो की त्यांना ती सगळी इटलीची नाहीतर स्पेनची वाटतात. गोन्सालो गार्सिया हेही नाव तसंच वाटतं. मग मी सांगतो की हा नालासोपारा-वसईच्या पट्ट्यातला माणूस, लोकलने जाता येईल अशा ठिकाणचा. तेव्हा कुठे माना वर होतात.

त्याचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. वसई त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असं सांगितलं जातं. तो नेमका कोणाचा, भारतीय की पोर्तुगीज, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात फारसा रस नाही. वसईच्या मातीत वाढला, वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय फादरांकडे शिकला, एवढं मला पुरतं.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो त्या फादरांबरोबर जहाजाने जपानला गेला. दहावीतल्या पोराचं वय हे. आपण त्या वयात पोराला एकट्याला पुण्याला पाठवताना चारदा फोन करतो. तिथे पोचल्यावर त्याने जपानी भाषा इतकी भराभर आत्मसात केली की मिशनरी लोकांना त्याच्यावाचून चालेना. जवळपास आठ वर्षं तो धर्मशिक्षक म्हणून राबला. गावोगाव फिरायचं, लहानथोरांना प्रभूची ओळख करून द्यायची, फादरांचं म्हणणं जपानीत सांगायचं आणि जपानी माणसाचं म्हणणं फादरांपर्यंत पोचवायचं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. येशूसंघात प्रवेश. त्याला तशी आशा दाखवण्यात आली होती, आणि ती आशा लांबत गेली. आज होईल, पुढच्या वर्षी होईल. काम मात्र चालूच. शेवटी त्याच्या लक्षात आलं की हे होणार नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण मला येणारे बरेच मेसेज याच जागेवरचे असतात. कंत्राटी नोकरीत चार वर्षं काढलेली मुलगी, दरवर्षी पर्मनंट करू असं ऐकणारी. एमपीएससीच्या तीन मुलाखती दिलेला मुलगा. सेमिनरीत जायची इच्छा असून तिकडून अजून थांब असं उत्तर आलेला एक तरुण. तुमच्या कामाची गरज आहे, तुमची नाही, असं जेव्हा जाणवतं ना, ते फार खोल लागतं. आणि ते देवाच्या घरात घडलं तर जास्तच. संतांच्या चरित्रात हा भाग आपण घाईने ओलांडतो, थेट क्रुसावर जातो. माझ्या मते गोन्सालोचं खरं कठीण वर्ष हे असावं, ज्या वर्षी तो जपानहून निघाला.

तो निघाला आणि व्यापारी झाला. मकाव बंदरात त्याने धंदा उभा केला आणि तो चांगला चालला. हुशार माणूस, दोन-तीन भाषा तोंडात, बंदरांची ओळख. पैसा आला. इथेच त्याची गोष्ट संपली असती तरी कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. उलट लोक म्हणाले असते की बरं झालं, पोरगं मार्गी लागलं.

पण आतली ओढ गेली नव्हती. व्यापाराच्या फेऱ्यांत तो फिलिपिन्समधल्या मनिला शहरी पोचला, तिथे फ्रान्सिस्कन संघाच्या संपर्कात आला, आणि १५८८च्या सुमारास चालता धंदा सोडून त्याने त्यांचा झगा अंगावर घातला. तो फादर झाला नाही, हे लक्षात घ्या. ब्रदर झाला. मिस्सा अर्पण करणारा नव्हे, घर झाडणारा, आजाऱ्यांचं बघणारा, सांगितलं ते काम करणारा. वय तिशीच्या पुढे-मागे.

आता बघा पुढे काय होतं. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो पुरता अमलात आला नव्हता, पण टांगती तलवार होतीच. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हिदेयोशीकडे वकील पाठवायचं ठरवलं. वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना नेमलं. आणि त्यांच्यासोबत बोलायला कोण? मनिलातल्या फ्रान्सिस्कनांत उत्तम जपानी जाणणारा, तिथल्या रीतीभाती माहीत असणारा माणूस ब्रदर गोन्सालो. जी भाषा त्याने येशूसंघाच्या आशेवर शिकली, तीच आता दुसऱ्या झग्यात उपयोगाला आली. आणि पाठवलं कुठे, तर ज्या देशातून तो मन मोडून निघाला होता तिथेच.

दुभाषाचं काम सोपं नसतं. दोन्ही बाजूंचा राग त्याच्यावर निघतो. वाक्य गोड करून सांगावं तर खोटेपणा, आहे तसं सांगावं तर भांडण. आणि समोर हिदेयोशी, ज्याच्या एका शब्दावर माणसांची डोकी उडायची. ती भेट निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योतोमध्ये राहायची मुभा मिळाली. त्यांनी तिथे मठ आणि चर्च बांधलं, आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्यांची जखम धुताना त्यांच्याच भाषेत विचारपूस करणारा माणूस असणं, हे औषधाइतकंच मोलाचं. मला गोन्सालो डोळ्यांसमोर आणायचा तर मी हिदेयोशीच्या दरबारात आणत नाही, या दवाखान्यात आणतो. तिथे तो मला जनाबाईच्या जवळ बसलेला वाटतो. तीही आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याचं दळण दळत देवाशी बोलत राहिली. (ही माझी आपली कल्पना, कुणी धर्मशास्त्र म्हणून घेऊ नये.)

१५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. त्यातून वाद पेटला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने फुशारकी मारली की आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मग सैन्य, असं सांगितलं जातं. एका माणसाची जीभ सैल सुटली आणि तिची किंमत ज्यांनी मोजली ते त्या जहाजावर नव्हतेच. डिसेंबरात क्योतो आणि ओसाकातल्या मठांवर पहारे बसले.

क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवलं. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतचा प्रवास, सुमारे ८०० किलोमीटर, महिनाभर, बराचसा पायी. परभणी ते मुंबई अंतराच्या साधारण दीडपट धरा. निघाले २४ आणि वाटेत आणखी दोघांची भर पडली, जे कैद्यांची सेवा करत सोबत चालले होते. एकूण २६. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. कुणी स्वयंपाकी, कुणी रेशीम विणणारा, कुणी तलवारी घडवणारा. तीन मुलगेही होते, लुईस, अंतोनियो आणि तोमास. लुईस फक्त बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. क्रुसावर सर्वांत आधी चढवला गेला तो गोन्सालो, असं परंपरा सांगते. वय चाळीसच्या आसपास. मी याहून जास्त वर्णन करणार नाही. हुतात्म्यांची रक्ताने रंगवलेली चित्रं मला कधीच आवडली नाहीत. त्यात माणूस दिसेनासा होतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या तीन येशूसंघीयांत पॉल मिकी हा जुना सभासद, मोठा वक्ता. बाकीचे दोघे, जुआन दे गोतो आणि दिएगो किसाई, उमेदवार होते. त्यांना मरणाच्या तोंडावर येशूसंघाची व्रतं घेता आली. म्हणजे ज्या दाराशी गोन्सालोने आठ वर्षं वाट पाहिली, ते दार त्या दोघांसाठी अगदी शेवटी उघडलं. आणि गोन्सालो त्यांच्याच रांगेत, दुसऱ्या झग्यात. ही बातमी त्याला कळली होती का, कळली असेल तर त्याला काय वाटलं, हे कुठे लिहिलेलं नाही. मी यावर कितीदा तरी प्रार्थनेत बसलोय. कधी वाटतं त्याला हेवा वाटला असेल, क्षणभर तरी. आजच्या पहिल्या वाचनात पौल म्हणतो की आता तो स्वतः जगत नाही, ख्रिस्त त्याच्यात जगतोय. कोणत्या संघाचा, कोणत्या पदाचा, ही ओळख तिथे गळून पडलेली असते. पण ती सहज गळत नाही हो. गोन्सालोला तिथवर यायला वसई, जपान, मकाव, मनिला आणि पुन्हा जपान एवढा फेरा पडला.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या सव्वीस जणांना वेदीवरच्या सन्मानाची पहिली पायरी दिली, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. दरम्यान १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, किल्ल्यातली चर्चं ओस पडत गेली. आज त्या पट्ट्यात त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, आणि १९९८ पासून वसईला स्वतःचा धर्मप्रांतही आहे. नागासाकीला निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचं स्मारक आणि संग्रहालय आहे. तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त जपानला असाल तर जाऊन या आणि मला फोटो पाठवा.

आज मिस्साला जाणार असाल तर एक विनंती. ज्यांना कुठून तरी अजून थांब असं सांगितलं गेलंय, त्यांची नावं मनात घेऊन जा. मी माझ्याकडे आलेल्या मेसेजमधली नावं चिठ्ठीवर लिहून घेतलीत, अकरा झालीत. तुमचं घालायचं राहिलं असेल तर संध्याकाळी सहाच्या आत कळवा.