हेन्री पिडिंग्टन

हेन्री पिडिंग्टन (७ जानेवारी १७९७ – ७ ऑगस्ट १८५८) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले व कोलकात्यात स्थायिक झालेले जहाजाचे कप्तान आणि वादळांचे अभ्यासक होते. समुद्रावरील फिरत्या वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनी प्रचारात आणला. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र व चीनचा समुद्र यांतील वादळांचे मार्ग त्यांनी जहाजांच्या नोंदींवरून रेखाटले आणि त्यांतून निघालेले नियम खलाशांना समजतील अशा भाषेत मांडले. ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’ (१८४८) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय.

प्रारंभिक जीवन

पिडिंग्टन यांचा जन्म इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील अकफील्ड या गावी झाला. तरुणपणीच ते व्यापारी जहाजांवर रुजू झाले आणि पुढे हिंदुस्थान व चीन यांच्या दरम्यान चालणाऱ्या जहाजांचे कप्तान बनले. समुद्रावरील नोकरी सोडल्यानंतर त्यांनी कोलकात्यात वास्तव्य केले. त्यांना वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि खनिजशास्त्र या विषयांतही रस होता. भारतातील वनस्पतींची त्यांनी तयार केलेली इंग्रजी सूची १८३२ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध झाली. तेथील आर्थिक भूविज्ञान संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कोलकात्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. त्यामुळे बुडालेल्या आणि मोडक्या अवस्थेत बंदराला लागलेल्या जहाजांच्या हकिकती त्यांच्यासमोर येत असत.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स कॅपर यांनी १८०१ मध्येच हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मोठी वादळे म्हणजे अवाढव्य वावटळी असल्याचे मत मांडले होते. अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी वादळात उन्मळून पडलेल्या झाडांच्या दिशा पाहिल्या. एका भागातील झाडे ज्या दिशेला पडली होती, त्याच्या उलट दिशेला दुसऱ्या भागातील झाडे पडलेली त्यांना आढळली. त्यावरून वारा एका केंद्राभोवती फिरत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८३१ च्या वादळाने उद्ध्वस्त झालेल्या बार्बाडोस बेटावर काम केलेले लष्करी अभियंता विल्यम रीड यांनी या विषयावरील ग्रंथ १८३८ मध्ये प्रसिद्ध केला. तो ग्रंथ वाचून पिडिंग्टन या अभ्यासाकडे वळले.

वादळांचा मागोवा

१८३९ पासून पिडिंग्टन यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वादळांवरील निबंधमाला सुरू केली. पहिला निबंध जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या वादळावर होता. त्यानंतर सुमारे दीड दशक त्यांनी एकेका वादळाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांची कार्यपद्धती साधी, परंतु अत्यंत कष्टाची होती. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या ते सरकारच्या साहाय्याने आणि कप्तानांशी पत्रव्यवहार करून मिळवीत. प्रत्येक रोजनिशीत तारीख, वेळ, जहाजाचे स्थान, वाऱ्याची दिशा व जोर आणि वायुभारमापकातील पारा यांच्या नोंदी असत. एकाच वेळी निरनिराळ्या जहाजांवर वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे नकाशावर मांडले की वादळाच्या केंद्राची जागा ठरवता येई. दुसऱ्या दिवशीच्या नोंदींवरून केंद्राची नवी जागा मिळे आणि या जागा जोडल्या की वादळाचा मार्ग उमटे. वादळ येऊन गेल्यानंतर अनेक महिन्यांनी हे काम पूर्ण होत असे.

या अभ्यासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचे आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. वारा पाठीशी घेऊन वादळापासून दूर जात असल्याची कप्तानाची समजूत होती. प्रत्यक्षात ते पाच दिवस वादळाच्या केंद्राभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. जहाजाच्या रोजनिशीवरून पिडिंग्टन यांनी हा फेऱ्यांचा मार्ग नकाशावर दाखवला. वारा वर्तुळाकार फिरतो आणि संपूर्ण वादळही पुढे सरकते, या दोन्ही गोष्टींचा पुरावा एकाच जहाजाच्या नोंदींतून मिळाला.

त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, १८४१ पासून हवामान व भूचुंबकत्व यांच्या नियमित नोंदी होत होत्या. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे (केरूनाना) तेथे तरुण वयात काम करीत होते. मात्र वेधशाळेतील नोंद एकाच ठिकाणची असे, तर वादळ समुद्रावर शेकडो मैल प्रवास करी. ही उणीव पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदींनी भरून काढली.

‘हॉर्न-बुक’ आणि खलाशांसाठी नियम

इंग्लंडमध्ये मुलांना मुळाक्षरे शिकवण्यासाठी मूठ असलेली फळी वापरत. तिच्यावरील कागद खराब होऊ नये म्हणून त्यावर जनावराच्या शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. या फळीला ‘हॉर्न-बुक’ म्हणत. पिडिंग्टन यांनी हेच नाव आपल्या ग्रंथाला दिले. नावाला दुहेरी अर्थ होता, कारण ग्रंथासोबत शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्याही दिल्या जात. एक उत्तर गोलार्धासाठी व दुसरी दक्षिण गोलार्धासाठी होती. त्यांवर वादळाची वर्तुळे आणि वाऱ्याच्या दिशा दाखवलेल्या असत. कप्तानाने चकती सागरी नकाशावर ठेवून आपल्याकडील वाऱ्याची दिशा तिच्याशी जुळवली की केंद्र अंदाजे कोठे आहे हे कळे.

उत्तर गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते. दक्षिण गोलार्धात ते डावीकडे असते. पारा उतरत असतानाच वारा कोणत्या बाजूला वळतो आहे हे पाहिले, तर जहाज वादळाच्या कोणत्या भागात आहे हे ओळखता येते. त्यानुसार थांबावे की पुढे जावे, हे ठरवता येते.

समुद्रात दूर असलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून इशारा देण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. हिंदुस्थानातील तारायंत्राचे जाळे १८५० च्या दशकात उभे राहू लागले आणि बिनतारी संदेश तर विसाव्या शतकात जहाजांपर्यंत पोचले. त्यामुळे इशारा कप्तानाला स्वतःच मिळवता यावा, हे पिडिंग्टन यांच्या ग्रंथाचे मुख्य उद्दिष्ट होते.

‘सायक्लोन’ हा शब्द

अशा वादळांना तोवर हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट अशी वेगवेगळी नावे होती. त्यांपैकी काही नावे वाऱ्याचा जोर दाखवीत, तर काही केवळ एखाद्या प्रदेशापुरती होती. वाऱ्याचे फिरणे दर्शवणारा शब्द हवा म्हणून पिडिंग्टन यांनी ग्रीक भाषेतील वर्तुळ आणि सापाचे वेटोळे या अर्थांच्या शब्दांवरून ‘सायक्लोन’ हे नाव सुचवले. वारा अचूक वर्तुळातच फिरतो असा दावा या नावात नाही, ही त्यांच्या मते त्याची जमेची बाजू होती. मराठीतील ‘चक्रीवादळ’ हा शब्दही वादळाचे हेच वैशिष्ट्य सांगतो.

मातला नदीवरील बंदराला विरोध

हुगळी नदीत गाळ साचून कोलकाता बंदर निकामी होईल, अशी भीती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्यक्त होत होती. पर्याय म्हणून सुंदरबनातील मातला नदीवर नवे बंदर उभारण्याची योजना पुढे आली. पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून पत्र लिहून या जागेला विरोध केला. चक्रीवादळाबरोबर समुद्राचे पाणी फुगून किनाऱ्यावर चढते, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून दाखवून दिले होते. आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा येथे १७८९ मध्ये अशाच लाटांनी मोठी प्राणहानी केली होती. मातलेच्या रुंद मुखातून असे पाणी आत शिरल्यास संपूर्ण वसाहत ५ ते १५ फूट पाण्याखाली जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

हा इशारा मानला गेला नाही. बंदर बांधले गेले व त्याला डलहौसी यांच्यानंतरचे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांचे नाव देण्यात आले. कोलकात्यापासून तेथवर लोहमार्गही टाकण्यात आला. नोव्हेंबर १८६७ मध्ये चक्रीवादळाने समुद्राचे पाणी बंदरात घुसले आणि मोठी हानी झाली. त्यानंतर काही वर्षांतच बंदराचा त्याग करण्यात आला. पिडिंग्टन यांचे निधन त्यापूर्वी नऊ वर्षे, १८५८ मध्ये, कोलकात्यात झाले होते.

मर्यादा

वादळाच्या मुळाशी विद्युतशक्ती असावी, हा पिडिंग्टन यांचा तर्क पुढील संशोधनात टिकला नाही. चक्रीवादळातील वारा केंद्राभोवती फिरताना आतही ओढला जातो. त्यामुळे केवळ वर्तुळ गृहीत धरून काढलेली केंद्राची दिशा चुकू शकते. मॉरिशसमधील चार्ल्स मेलड्रम यांनी हा दोष विशेषत्वाने दाखवून दिला आणि खलाशांसाठीचे नियम त्यानुसार सुधारण्यात आले.

वारसा

५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळाने कोलकाता व हुगळीच्या मुखाकडील प्रदेशाची भीषण हानी केली. त्यानंतर १८६५ मध्ये कोलकाता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली आणि १८८६ पर्यंत ही व्यवस्था देशातील इतर बंदरांतही पोचली. फिलिपाईन्समधील मनिला वेधशाळेत फेदेरिको फाउरा यांनी १८७९ पासून टायफूनचे इशारे देण्यास आरंभ केला.

बंगालच्या उपसागरातील वादळे व कमी दाबाची क्षेत्रे यांचा प्रभाव किनाऱ्यापुरता नसतो. जमिनीवर येऊन क्षीण झालेल्या प्रणाली छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भात मुसळधार पाऊस आणतात. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथून वाहणाऱ्या वैनगंगेच्या पावसाळी पुरांशीही अशा प्रणालींचा संबंध असतो.

अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाईड’ (२००४) या कादंबरीत पिडिंग्टन व कॅनिंग बंदर यांची हकिकत आली आहे.