कीटकांची चित्रकर्त्री मारिया मेरियन

वालचंदनगरच्या आसपास ओढ्यांच्या कडेला व पडीक रानात रुईची झाडे पुष्कळ आढळतात. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या चरताना दिसतात. काही दिवसांनी अशा अळीचा हिरवट, लोंबता कोश होतो आणि त्या कोशातून नारिंगी पंखांचे फुलपाखरू बाहेर येते. ही गोष्ट आज शाळेतील मुलांस ठाऊक असते. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वी ती थोरथोर पंडितांसही नीटशी उमगली नव्हती. किडे हे चिखलातून, शेणातून किंवा कुजलेल्या मांसातून आपोआप निपजतात, असा समज युरोपात रूढ होता. आपल्याकडेही घामापासून व उष्म्यापासून जन्मणाऱ्या जीवांचा स्वेदज म्हणून एक वेगळा वर्गच मानलेला होता. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि तिच्याभोवती एकसारखी गुणगुणत राहून तिला आपल्यासारखीच करून सोडते, या समजुतीवरून तर भ्रमरकीटन्याय प्रचारात आला. अशा त्या काळात जर्मनीतील एका मुलीने अळ्या पाळल्या, त्यांचे कोश होताना पाहिले, कोशांतून फुलपाखरे निघताना पाहिली, आणि जे पाहिले ते रंगवून ठेवले. तिचे नाव मारिया सिबिला मेरियन.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी फ्रँकफुर्ट या शहरी झाला. तिचे वडील मॅथेऊस मेरियन हे नामांकित कोरीवकाम करणारे कलावंत व पुस्तकांचे प्रकाशक होते. मारिया तीन वर्षांची असतानाच ते वारले. तिच्या आईने पुढच्याच वर्षी याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी पुनर्विवाह केला. मारेल हे फुलांची चित्रे काढण्यात निष्णात होते. रंग खलावेत कसे, कुंचला धरावा कसा, पाकळीवरची छाया उतरवावी कशी, हे सारे त्यांनी या सावत्र मुलीला मायेने शिकविले. त्या काळचे चित्रकार फुलांच्या गुच्छावर शोभेसाठी एखादी माशी किंवा फुलपाखरू रंगवीत असत. ते फुलपाखरू कोठून आले, काय खाऊन वाढले, याची चौकशी सहसा कोणी करीत नसे.

मारियाने ती चौकशी आरंभिली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. प्रथम तिने रेशमाचे किडे पाळले. पुढे बागेतील व रस्त्याकडेचे इतर सुरवंट ती घरी आणू लागली. हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक सुरवंट हवे ते पान खात नाही. त्याला त्याचे ठरलेले झाडच लागते. ते झाड हुडकावे लागते, रोज ताजी पाने आणावी लागतात, पेटीत बुरशी येऊ द्यायची नसते. कोश झाल्यावर तर डोळ्यांत तेल घालून वाट पाहावी लागते. काही कोशांतून पंधरवड्यात फुलपाखरू निघते, काही कोश सबंध हिवाळाभर तसेच पडून राहतात, आणि काही मरून जातात. मग पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय तो काळ असा, की चेटकीण ठरवून बायकांना देहान्त शिक्षा दिल्या जात. घरात किडे पाळणाऱ्या मुलीकडे शेजारपाजारचे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करावी!

१६६५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मारियाचा विवाह मारेल यांचे शिष्य योहान ग्राफ यांच्याशी झाला. पुढे हे कुटुंब न्युरेंबर्ग येथे राहावयास गेले. दोन मुली झाल्या. थोरली योहाना आणि धाकटी डोरोथेआ. न्युरेंबर्गमध्ये चित्रकारांच्या संघाचा नियम कडक होता. तैलरंगांत चित्रे काढून विकण्याचा हक्क स्त्रियांस नव्हता. मारियाबाईंनी त्याबद्दल कुरकुर करीत वेळ दवडला नाही. त्यांनी जलरंगांचा आश्रय केला, श्रीमंत घरच्या मुलींना चित्रकला व भरतकाम शिकविण्यास आरंभ केला, आणि फुलांच्या चित्रांचे एक पुस्तक तीन भागांत प्रसिद्ध केले. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांस त्या चित्रांचा नमुन्यासारखा उपयोग होई. संसार, शिकवण्या आणि सुरवंटांच्या पेट्या ही सर्व एकाच घरात नांदत होती.

१६७९ साली त्यांचे सुरवंटांच्या अद्भुत रूपांतराविषयीचे पुस्तक निघाले. त्यात पन्नास चित्रे होती. चार वर्षांनी आणखी पन्नास चित्रांचा दुसरा भाग निघाला. विद्वानांची भाषा त्या काळी लॅटिन. परंतु हे पुस्तक मारियाबाईंनी सामान्य लोकांस कळणाऱ्या जर्मन भाषेत लिहिले. प्रत्येक पानावर एखादी फांदी किंवा फुलझाड असे. पानावर अळी चरत असे, देठाशी कोश लटकत असे, वर फुलपाखरू बसलेले असे, आणि अंडी सापडली असतील तर तीही दाखविलेली असत. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने १६६८ साली झाकलेल्या व उघड्या मांसाचा प्रयोग करून, माशी बसल्यावाचून मांसात अळ्या होत नाहीत, हे दाखविले होतेच. परंतु प्रयोगाचे वर्णन वाचणारे थोडे. मारियाबाईंचे चित्र पाहणाऱ्यास किड्याचे सारे आयुष्य एका दृष्टिक्षेपात दिसे, आणि तो कोणत्या झाडावर जगतो हेही कळे. ही मांडणी इतकी उपयुक्त ठरली, की आजही कीटकांच्या पुस्तकांत ती आढळते.

काही वेळा कोशातून फुलपाखरू न निघता लहान लहान माश्या निघत. त्याचे पुरते कारण तेव्हा उलगडले नव्हते. परोपजीवी माश्या सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात, हे पुढे सिद्ध झाले. मारियाबाईंनी तो प्रकार लपविला नाही. निघाल्या त्या माश्याच त्यांनी चितारल्या.

ही चित्रे तयार होत कशी, हेही पाहण्याजोगे आहे. प्रथम चर्मपत्राच्या, म्हणजे कमावून पातळ केलेल्या कातड्याच्या, लहानशा तुकड्यावर किड्याचे चित्र जलरंगांत काढावयाचे. कागदापेक्षा चर्मपत्र गुळगुळीत असते. त्यावर पंखांवरील बारीक खवलेसुद्धा कुंचल्याच्या टोकाने दाखविता येतात. असे तुकडे त्या एका वहीत क्रमाने लावून ठेवीत व शेजारी टिपण लिहीत. पुस्तक छापावयाचे झाले, की तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरावयाचे. कोरलेल्या रेषांत शाई भरून पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घेत, त्यावर ओलसर कागद ठेवीत आणि दाबयंत्रातून काढीत. पत्र्यावर जे उजवीकडे असते, ते कागदावर डावीकडे उमटते. मारियाबाई कित्येक वेळा आणखी एक युक्ती करीत. छापलेला कागद ओला असतानाच त्यावर दुसरा कोरा कागद दाबीत. त्यावर फिकट, पुन्हा सुलटी झालेली प्रतिमा उठे, आणि पत्र्याच्या कडेचा खोल ठसाही त्यावर उमटत नसे. ही प्रत हाताने रंगविली म्हणजे ती छापील न वाटता मूळ चित्रच वाटे. रंगकामात पुढे दोघी मुलीही आईच्या हाताखाली तयार झाल्या.

घरी मात्र सुख उरले नाही. पतीशी पटेना, आणि अखेर उभयता विभक्त झाली. मधली काही वर्षे मारियाबाई आई व मुलींसह हॉलंडमधील एका साध्या राहणीच्या धर्मपंथाच्या वसाहतीत राहिल्या. तेथे त्यांची आई वारली. १६९१ साली मुलींना घेऊन त्या ॲमस्टरडॅमला आल्या. हे शहर तेव्हा जगभरच्या व्यापाराचे केंद्र होते. धनिकांच्या संग्रहांत दूरदेशची अपूर्व फुलपाखरे टाचण्यांनी टोचून ठेवलेली असत. मारियाबाई ती पाहत, आणि त्यांच्या मनात तोच जुना प्रश्न येई. यांच्या अळ्या कोठे आहेत? त्या काय खातात? मेलेल्या फुलपाखराकडे याचे उत्तर नव्हते.

१६९९ साली त्यांनी सुरिनामला जाण्याचे ठरविले. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील ही डच वसाहत. प्रवास दोन महिन्यांचा, समुद्र खवळलेला, देश तापांचा, आणि वय बावन्न वर्षांचे! खर्चासाठी त्यांनी आपली २५५ चित्रे विक्रीस काढली, मृत्युपत्र करून ठेवले, आणि एकवीस वर्षांच्या डोरोथेआला बरोबर घेऊन त्या जहाजावर चढल्या.

सुरिनाम हा उसाचा मुलूख होता. नीरेकाठच्या उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांस मैलोगणती पसरलेला ऊस काही नवा नाही. परंतु तेथील मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत, आणि त्यांचा छळ अमानुष होता. (गुलामगिरी बंद झाल्यावर, १८७३ पासून, त्याच मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले.) मळेवाल्यांना साखरेपलीकडे काही सुचत नसे. साखर सोडून किडे शोधणाऱ्या या बाईची ते थट्टा करीत. मारियाबाईंनीही त्यांच्या या वृत्तीबद्दल आपली नापसंती लिहून ठेवली आहे. तथापि त्यांच्याही घरी गुलाम होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. रानात वाट तोडून देणारे, झाडांची नावे व उपयोग सांगणारे, किडे आणून देणारे लोक हे गुलाम व तेथील मूळ रहिवासीच होते. त्यांच्याकडून मिळालेली माहिती मारियाबाईंनी आपल्या पुस्तकात त्यांचा उल्लेख करून दिली. मात्र त्यांची नावे त्यात आली नाहीत.

उन्हाने जीव नकोसा होई. मुंग्या रात्रीतून संग्रह फस्त करीत. तरी माय-लेकी रोज रानात किंवा बागेत जात, अळ्या आणीत आणि चर्मपत्रावर चितारीत. अननस व त्यावरील झुरळे, केळ, पेरू, डाळिंब, आणि आपल्याकडे अंगणात लावतात तो शंकासूर, ही सर्व झाडे त्यांच्या सुरिनामच्या चित्रांत भेटतात. तेथे पाच वर्षे राहण्याचा त्यांचा विचार होता असे म्हणतात. परंतु तापाने त्या इतक्या खंगल्या, की १७०१ मध्ये, दोन वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांना परतावे लागले. येताना बाटल्यांत मद्यार्कात ठेवलेले साप व सरडे, आणि पेट्यांत भरलेली फुलपाखरे त्यांनी आणली.

त्यानंतर चार वर्षे खपून १७०५ साली त्यांनी सुरिनाममधील कीटकांच्या रूपांतराचा भव्य ग्रंथ डच व लॅटिन भाषांत प्रसिद्ध केला. त्यात साठ चित्रे होती. या खेपेस बहुतेक पत्रे त्यांनी निष्णात कारागिरांकडून कोरवून घेतले. ग्रंथाची कीर्ती युरोपभर झाली. पुढे लिनीयस या शास्त्रज्ञाने प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा अनेक कीटकांसाठी त्याने या चित्रांचा आधार घेतला.

परंतु कीर्तीबरोबर शंकाही आली. एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक प्रचंड कोळी इवल्याशा गुंजन पक्ष्याला मारून खाताना दाखविला आहे. एकोणिसाव्या शतकातील काही टीकाकारांनी ही निव्वळ थाप ठरविली, आणि या एका चित्रावरून बाईंच्या साऱ्या कामास खोटे म्हणण्यापर्यंत मजल गेली. मारियाबाई तेव्हा हयात नव्हत्या. उत्तर देणार कोण? ते उत्तर १८६३ साली मिळाले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढून आलेल्या हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने, असा कोळी लहान पक्ष्यांना मारताना आपण स्वतः पाहिल्याचे आपल्या ग्रंथात नमूद केले. मात्र सर्वच गोष्टी अशा खऱ्या ठरल्या नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारखे फुगीर डोके असलेला एक किडा रात्री दिव्यासारखा उजळतो, असे त्यांनी लिहिले होते. पुढील अभ्यासकांस त्या किड्यात प्रकाश आढळला नाही. तरीही त्या किड्याच्या शास्त्रीय नावात कंदील हा शब्द कायम राहिला आहे.

१७१५ मध्ये मारियाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हात चालेनासा झाला आणि घरात पैसाही फारसा उरला नाही. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर याच्या वैद्याने त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह विकत घेतला. ती जपून ठेवलेली वहीही सेंट पीटर्सबर्गला गेली. सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथेआने त्याच वर्षी प्रसिद्ध केला, आणि पुढे तीही पतीसह सेंट पीटर्सबर्गला जाऊन तेथील संग्रहालयासाठी चित्रे काढू लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने पाचशे मार्कांची नोट काढली, तेव्हा तिच्या पुढील बाजूस मारियाबाईंचे चित्र छापले. नोटेच्या मागील बाजूस एक रानफूल होते, आणि त्यावर एक सुरवंट बसलेला होता.