कातडीवरची खूण ओळखणारे डॉ. खानोलकर

मैत्रिणींनो, रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं, ही वाट आपल्याकडच्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. त्या टाटात अगदी सुरुवातीपासून राबलेल्या डॉ. वसंत खानोलकरांविषयी आज सांगायचंय. डॉक्टरमंडळींत हे नाव फार मोठं.

१८९५ साली गोव्यात केपे इथं त्यांचा जन्म झाला. १९२३ मध्ये ते लंडन विद्यापीठाचे एम.डी. झाले. विषय पॅथॉलॉजी, म्हणजे दुखऱ्या भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखायचा. १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

आपली माणसं काय नेसतात, काय चघळतात, याकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं. वर्षानुवर्षं धोतर कंबरेला घट्ट आवळून तिथली कातडी काळवंडते, सोलवटते आणि काहींना पुढे तिथेच कॅन्सर होतो, हे त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडलं. पुढे परकराच्या घट्ट नाडीमुळे बायकांनाही असाच कॅन्सर झाल्याचं डॉक्टरांना आढळलं. म्हणून नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा.

कुष्ठरोगावरही त्यांनी मोठं संशोधन केलं. १९५५ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये ते गेले.

कातडी कधीकधी आतल्या रोगाचीही वर्दी देते. मान-काख काळी, जाड, मखमलीसारखी झाली तर कारण बहुधा वजन किंवा मधुमेह असतं. पण उतारवयात, वजन घटत असताना हे झपाट्यानं झालं, तर पोटातला कॅन्सरही असू शकतो. स्तनावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडावरचं खरूजवजा चट्टं मलमानं हटेना, तर लगेच दाखवा.

वाड्यावस्त्यांवर फिरताना मला दिसतं, आपण मासळी उलटीपालटी करून पारखून घेतो, पण स्वतःच्या अंगावरचा डाग लाजेपोटी पदराआड ठेवतो. प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतोच. पण तो कशाचा आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. खानोलकरांनी जन्मभर तेच तर केलं. तेव्हा बायांनो, महिनाभर न बरी होणारी जखम घेऊन घरी बसू नका. आधी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात तरी दाखवून या.