निसर्गाला प्रश्न विचारणारा रॉबर्ट बॉईल

शाळेत आपली मुले बॉईलचा नियम पाठ करतात. परंतु हा नियम एका विरोधकाच्या आक्षेपातून हाती आला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

रॉबर्ट बॉईल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिसमोरच्या किल्ल्यात झाला. कॉर्कच्या धनाढ्य उमरावाचे ते चौदावे अपत्य. तीन वर्षांचे असतानाच ते आईच्या मायेस अंतरले. पुढे बालवयातच ते भावाबरोबर युरोपच्या प्रवासास निघाले. जिनिव्हा येथे एका रात्री विजांच्या कडकडाटाने ते दचकून जागे झाले. देवापुढे उभे राहण्याची आपली तयारी नाही, हे त्यांना उमगले आणि त्यांनी आपले जीवन देवाला वाहिले. १६४२ च्या जानेवारीत गॅलिलिओ वारला, तेव्हा ते जवळच फ्लॉरेन्समध्ये होते. गॅलिलिओच्या विचारांची ओळख त्यांना तेथेच झाली.

त्या काळी निसर्गाविषयी शंका आली की विद्वान लोक ॲरिस्टॉटलचे ग्रंथ उघडीत. बॉईल यांची जिज्ञासा तेवढ्याने शमेना. भांड्यातील हवा काढून घेणारे यंत्र जर्मनीत ऑटो फॉन गेरिके यांनी केल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आपले तरुण मदतनीस रॉबर्ट हूक यांच्याकडून ऑक्सफर्ड येथे अधिक चांगला पंप करवून घेतला. काचपात्रात टांगलेल्या घड्याळाची टिकटिक हवा काढल्यावर ऐकू येईनाशी झाली. जळती मेणबत्तीही विझली. हे प्रयोग त्यांनी १६६० साली छापले. फसलेले प्रयोगही त्यांनी लपवले नाहीत.

बंद नळीत सुमारे २९ इंच पारा उभा राहतो, तो बाहेरील हवेच्या दाबामुळे, असे बॉईल म्हणत. फ्रान्सिस लायनस या जेझुइट पंडितांना हे पटले नाही. पारा एका अदृश्य धाग्याने वर ओढून धरलेला असतो, असे त्यांचे मत होते. बॉईल यांनी रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी नवा प्रयोग मांडला. खाली वाकवलेल्या काचेच्या नळीच्या बंद टोकात हवा कोंडून ते दुसऱ्या बाजूने पारा ओतू लागले. २९ इंच पारा चढताच हवा निम्मी झाली. इतक्यात नळी फुटली! मग इतकी लांब नळी आणली की ती खोलीत मावेना. ती जिन्यात उभी करावी लागली. दाब चौपट झाला तेव्हा हवा एक चतुर्थांश राहिली. १६६२ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. दाब आणि आकारमान यांच्या प्रमाणाची कल्पना रिचर्ड टाउनली यांची होती, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले.

१६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. १६८० साली तिचे अध्यक्षपद चालून आले. पण शपथेसंबंधी सदसद्विवेकबुद्धी टोचू लागल्याने त्यांनी ते नाकारले. आयरिश भाषेत पवित्र शास्त्र छापण्यासाठी मात्र त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. ज्या बहिणीच्या घरी ते राहत, ती वारल्यावर थोड्याच दिवसांत, ३१ डिसेंबर १६९१ रोजी, त्यांनी देह ठेवला.

कुतूहल तर प्रत्येक लेकराला असते. आपले म्हणणे कसोटीस लावण्याची आणि फुटलेल्या नळीचीही नोंद ठेवण्याची नम्रता मात्र शिकावी लागते. आपल्या मुलांनी प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प बसवू नये. चला, करून पाहू या, असे म्हणावे.